स्पोर्टिंग क्लब द पोर्तुगाल: रोनाल्डोच्या पलीकडचा इतिहास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत पोर्तुगीज फुटबॉलवर लिहिलं जातं ते बहुधा रोनाल्डोच्या निमित्ताने, आणि त्यात त्याच्या पहिल्या मोठ्या क्लबच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या या क्लबवर माझा जीव आहे. चषक मोजायला बसलं तर पोर्तुगालमधले बाकीचे दोन मोठे क्लब, बेन्फिका आणि पोर्टो, त्याच्या पुढे आहेत. पण खेळाडू घडवण्यात पोर्तुगालमधला दुसरा कोणताही क्लब त्याच्या जवळपास येत नाही, असं माझं ठाम मत आहे. खालची उत्तरं त्याच नजरेने लिहिली आहेत.

क्लबचं नेमकं नाव काय? 'स्पोर्टिंग लिस्बन' चुकीचं आहे का?

अधिकृत नाव 'स्पोर्टिंग क्लब द पोर्तुगाल'. क्लब लिस्बन शहरातला असला तरी नावात शहर नाही, देश आहे. 'स्पोर्टिंग लिस्बन' हे परदेशी वर्तमानपत्रांनी रूढ केलेलं नाव. लिस्बनमध्ये ते कोणी वापरत नाही आणि तिथल्या समर्थकांना ते खटकतं. नुसतं 'स्पोर्टिंग' म्हटलं तरी पुरे.

स्थापना कोणी आणि कशी केली?

भांडणातून. कांपु ग्रांदे फुटबॉल क्लब नावाचं लिस्बनमधल्या सधन घरांतल्या तरुणांचं एक मंडळ होतं. त्यातल्या काहींना सहली, मेजवान्या आणि नाचगाणं हवं होतं, तर काहींना फक्त खेळायचं होतं. १९०६ मध्ये खेळणारा गट बाहेर पडला. त्यांचा पुढारी होता जुझे आल्वालादे, वय अवघं वीस. तो थेट आजोबांकडे गेला. आजोबा म्हणजे आल्वालादेचे व्हायकाउंट, एक उमराव. त्यांनी पैसा दिला, जमीन दिली आणि नव्या क्लबचं अध्यक्षपदही घेतलं. १ जुलै १९०६ हा क्लबचा वाढदिवस मानला जातो.

आपला क्लब युरोपातल्या मोठ्यात मोठ्या क्लबांएवढा मोठा व्हावा, अशी इच्छा आल्वालादेने बोलून दाखवली होती. त्या काळी पोर्तुगालमध्ये धड लीगसुद्धा नव्हती. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तो तेहतिसाव्या वर्षी गेला. आजचं स्टेडियम त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

बेन्फिकाशी वैर कधीपासून?

जवळजवळ पहिल्या दिवसापासून. बेन्फिकाचा पूर्वज असलेला 'स्पोर्ट लिस्बोआ' १९०४ मध्ये लिस्बनच्या बेलें भागातल्या एका औषधाच्या दुकानात स्थापन झाला. त्यांच्याकडे खेळाडू चांगले होते, पण स्वतःचं मैदान नव्हतं. स्पोर्टिंगकडे मैदान होतं, सोयी होत्या. १९०७ मध्ये त्यांचे आठ खेळाडू स्पोर्टिंगमध्ये आले आणि तिथेच ठिणगी पडली. त्याच वर्षी १ डिसेंबरला पहिला सामना झाला आणि स्पोर्टिंगने तो २-१ ने जिंकला.

'स्पोर्टिंग श्रीमंतांचा, बेन्फिका कष्टकऱ्यांचा' ही विभागणी तेव्हापासून चालत आली आहे. सुरुवातीच्या काळापुरती ती खरी होती. आज दोन्हीकडे सगळ्या थरांतली माणसं आहेत, एकाच घरात दोन भाऊ दोन बाजूंना असतात.

स्पोर्टिंगच्या माणसाला आवडता सामना विचारा, तो १४ डिसेंबर १९८६ ची तारीख सांगेल. स्पोर्टिंग ७, बेन्फिका १. कर्णधार मानुएल फर्नांदिशचे एकट्याचे चार गोल. त्या हंगामाचं विजेतेपद मात्र बेन्फिकानेच नेलं. या वैराला एक काळी बाजूही आहे. १९९६ च्या पोर्तुगीज चषकाच्या अंतिम सामन्यात बेन्फिकाच्या बाजूने सुटलेल्या एका अग्निबाणाने स्पोर्टिंगच्या समर्थकाचा जीव घेतला. जुन्या सामन्यांच्या आठवणी निघाल्या की हीसुद्धा निघते, आणि निघायलाच हवी.

सिंह आणि आडवे पट्टे कुठून आले?

सिंह एका उमराव घराण्याच्या मानचिन्हावरून, त्या घराण्याच्या परवानगीने घेतला. पट्टे आले रग्बीतून. फुटबॉल संघाची सुरुवातीची जर्सी अर्धी हिरवी, अर्धी पांढरी अशी उभी विभागलेली होती. आडव्या पट्ट्यांची जर्सी क्लबचा रग्बी संघ वापरायचा. १९२८ मध्ये फुटबॉल संघ ब्राझीलच्या दौऱ्यावर गेला तेव्हा तिथल्या उकाड्यात ती हलकी जर्सी बरी पडली आणि मग तीच कायम झाली. जुनी उभी जर्सी सुरुवातीचा कर्णधार फ्रान्सिस्को स्त्रोंपच्या नावाने ओळखली जाते आणि अधूनमधून अजूनही मैदानात दिसते.

'पाच व्हायोलिन' म्हणजे कोण?

जेजुस कोरेया, वास्केस, पेयरोतेओ, त्रावासोस आणि आल्बानो. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धातली ही स्पोर्टिंगची आघाडीची फळी. पाचही जण एकसुरात वाजावेत तसे खेळतात म्हणून एका पत्रकाराने हे नाव दिलं आणि ते चिकटलं.

१९४६-४७ च्या हंगामात स्पोर्टिंगने २६ सामन्यांत १२३ गोल केले. सामन्याला जवळपास पाच! पाचही जण एकत्र खेळले ते जेमतेम तीन हंगाम, १९४९ पर्यंत, आणि त्या तिन्ही हंगामांत विजेतेपद स्पोर्टिंगकडे होतं. एका वर्षाच्या खंडानंतर क्लबने सलग चार विजेतेपदं जिंकली. म्हणजे १९४७ ते १९५४ या आठ हंगामांत सात. तेवढा दबदबा क्लबला पुन्हा कधी जमला नाही.

फर्नांदो पेयरोतेओवर थोडं थांबायला हवं. अंगोलातल्या उंपाता गावी जन्मलेला हा आघाडीपटू. लीगच्या १९७ सामन्यांत त्याने तीनशे तीसहून जास्त गोल केले. सामन्यामागे दीड गोलाहून जास्त! एवढ्या मोठ्या सरासरीचा माणूस फुटबॉलच्या इतिहासात शोधून सापडत नाही. एकतिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला. युरोपियन स्पर्धा सुरू होण्याआधी आणि दूरचित्रवाणी घरोघर पोहोचण्याआधी त्याचा खेळ संपला, म्हणून त्याचं नाव पोर्तुगालबाहेर गेलं नाही. मला ही फुटबॉलमधल्या मोठ्या अन्यायांपैकी एक गोष्ट वाटते.

जेजुस कोरेयाची तऱ्हा आणखी वेगळी. तो चाकाच्या बुटांवरची हॉकीही खेळायचा, तीही विश्वविजेत्या पोर्तुगीज संघातून. दोन्हींतलं एक निवडायची वेळ आली तेव्हा त्याने हॉकी निवडली आणि ऐन भरात फुटबॉल सोडला.

युरोपियन चषकाचा पहिला सामना स्पोर्टिंगनेच खेळला, हे खरं आहे का?

हो. आजच्या चॅम्पियन्स लीगची ती सुरुवात. ४ सप्टेंबर १९५५, लिस्बनजवळचं राष्ट्रीय स्टेडियम, समोर युगोस्लाव्हियाचा पार्टिझान. स्पर्धेतला पहिलावहिला गोल स्पोर्टिंगच्या मार्तिन्सने केला. सामना ३-३ बरोबरीत सुटला, बेलग्रेडला परतीचा सामना स्पोर्टिंग ५-२ ने हरला आणि प्रवास तिथेच संपला. त्या वर्षीचा पोर्तुगीज विजेता खरं तर बेन्फिका होता. पण पहिल्या वर्षी आमंत्रणं फ्रान्सच्या 'लेकिप' या क्रीडा दैनिकाने दिली होती आणि पोर्तुगालमधून स्पोर्टिंगला बोलावलं गेलं.

स्पोर्टिंगने युरोपात काही जिंकलंय का?

एकच मोठा चषक, १९६४ चा कप विनर्स कप, म्हणजे देशोदेशीच्या चषकविजेत्यांची स्पर्धा. पण काय जिंकला!

आधी सायप्रसच्या अपोएलविरुद्ध १६-१. युरोपियन क्लब स्पर्धांत एका संघाने एका सामन्यात केलेले हे सर्वाधिक गोल. मग मँचेस्टर युनायटेड. बॉबी चार्ल्टन आणि डेनिस लॉ यांच्या युनायटेडने पहिला सामना ४-१ ने जिंकला होता, म्हणजे स्पोर्टिंगचा खेळ आटोपल्यातच जमा. लिस्बनला परतीच्या सामन्यात स्पोर्टिंगने त्यांना ५-० ने लोळवलं. तीन गोल ओस्वाल्दो सिल्व्हा या ब्राझिलियन खेळाडूचे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

अंतिम सामना ब्रसेल्समध्ये हंगेरीच्या एमटीके बुडापेस्टशी होता. ३-३. तेव्हा पेनल्टींनी निकाल लावायची पद्धत नव्हती, म्हणून दोन दिवसांनी अँटवर्पमध्ये फेरसामना. पूर्वार्धात कॉर्नर मिळाला, जुआंव मोराइसने तो मारला आणि चेंडू कोणाच्याही पायाला न लागता वळत थेट जाळ्यात गेला. १-० आणि चषक. 'मोराइसचा कॉर्नर' हे शब्द स्पोर्टिंगच्या घराघरांत आजही निघतात. याच मोराइसने दोन वर्षांनी विश्वचषकात पेलेला जायबंदी केलं. जगाला तो तेवढ्यासाठीच आठवतो.

त्या संघाचे प्रशिक्षक आन्सेल्मो फर्नांदेझ पेशाने आर्किटेक्ट होते. १९५६ मध्ये उभं राहिलेलं क्लबचं जुनं स्टेडियम त्यांच्याच आराखड्यातलं. ज्याने घर बांधलं त्यानेच त्या घरात चषक आणला, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

युसेबियो स्पोर्टिंगमध्ये का आला नाही?

यायला हवा होता. मोझांबिकच्या लोरेन्सो मार्केशमध्ये, म्हणजे आजच्या मापुतोत, तो ज्या क्लबकडून खेळायचा तो स्पोर्टिंगचीच शाखा होता. स्पोर्टिंगने त्याला गृहीत धरलं, बेन्फिकाने धरलं नाही. त्यांनी त्याच्या घरच्यांशी बोलणी केली आणि डिसेंबर १९६० मध्ये त्याला लिस्बनला आणलं. निरोपांमध्ये त्याच्यासाठी 'रुथ' हे मुलीचं सांकेतिक नाव वापरलं गेलं आणि प्रकरण मिटेपर्यंत त्याला दक्षिणेत अल्गार्वमध्ये लपवून ठेवलं. पुढे तो बेन्फिकाचा सर्वात मोठा खेळाडू झाला.

त्याला राष्ट्रीय संघात पहिल्यांदा उतरवलं ते १९६१ मध्ये लक्झेंबर्गविरुद्ध, आणि तेव्हा संघाचा प्रशिक्षक होता पेयरोतेओ. स्पोर्टिंगच्या सर्वात मोठ्या आघाडीपटूच्या हातून बेन्फिकाच्या सर्वात मोठ्या खेळाडूला पदार्पण मिळालं.

क्लब फक्त फुटबॉलचा आहे का?

मुळीच नाही. ॲथलेटिक्स, हँडबॉल, फुटसाल (पाच-पाच जणांचा इनडोअर फुटबॉल), रोलर हॉकी, सायकलिंग असं बरंच काही. फुटसालमध्ये तर क्लब २०१९ आणि २०२१ मध्ये युरोपचा विजेता होता.

पण एकच वर्ष निवडायचं तर १९८४. एप्रिलच्या अखेरीस क्लबचा सायकलपटू जुआकिं आगोस्तिन्यू अल्गार्वच्या शर्यतीत सर्वांच्या पुढे होता. टूर द फ्रान्समध्ये दोनदा तिसरा आलेला हा शेतकऱ्याचा मुलगा तेव्हा चाळिशीच्या पुढे गेला होता. सायकलीसमोर कुत्रा आडवा आला, तो डोक्यावर पडला आणि दहा दिवसांनी गेला. सारा देश हळहळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये क्लबचा कार्लोस लोपेस वयाच्या सदतिसाव्या वर्षी पहिला आला. पोर्तुगालचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. त्यामागे स्पोर्टिंगचे धावण्याचे प्रशिक्षक मोनिझ परेरा यांची अनेक वर्षांची तपश्चर्या होती.

लीगची विजेतेपदं किती?

२०२५ पर्यंत २१. लीग सुरू होण्याआधी बाद पद्धतीने होणारी राष्ट्रीय स्पर्धा चार वेळा जिंकली होती, तीही धरून क्लब २५ सांगतो. हा वाद जुना आहे.

मध्ये एवढा दुष्काळ का पडला?

१९८२ नंतर थेट २०००, आणि २००२ नंतर थेट २०२१. कारणं अनेक आहेत, त्यातलं मोठं म्हणजे उतावीळपणा. डिसेंबर १९९३ मध्ये संघ लीगमध्ये अव्वल असताना क्लबने प्रशिक्षक बॉबी रॉबसन यांना काढलं, युरोपात साल्झबर्गकडून हरले म्हणून. रॉबसन पोर्टोला गेले. त्यांचा तरुण दुभाषाही सोबत गेला. त्याचं नाव जुझे मोरिन्यो. पोर्टोने रॉबसन यांच्या हाताखाली दोन विजेतेपदं जिंकली, दुभाषाने पुढे त्याच क्लबला युरोपचा विजेता केलं.

२००० मध्ये दुष्काळ संपला तेव्हा गोलमध्ये पीटर श्मायकेल होता. २००२ मध्ये मारियो जार्देलने लीगमध्ये ४२ गोल ठोकले आणि लीग व चषक दोन्ही आले.

सर्वात वाईट आठवडा मे २००५ चा. शनिवारी बेन्फिकाकडून १-० ने हरून लीग हातची गेली. बुधवारी यूएफा कपचा, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेचा, अंतिम सामना, तोही योगायोगाने स्पोर्टिंगच्याच स्टेडियममध्ये. रोजेरियोच्या गोलने आघाडी मिळाली होती, पण उत्तरार्धात सीएसकेए मॉस्कोने तीन गोल केले.

रोनाल्डो क्लबमध्ये कसा आला?

मदेइरा बेटावरच्या नासिओनाल क्लबवर स्पोर्टिंगचं देणं होतं. ते वळतं करून १९९७ मध्ये बारा वर्षांचा हा मुलगा घेतला गेला. देणं मोठं नव्हतं, पण एवढ्या लहान पोरासाठी असा व्यवहार कोणी करत नसे. चाचणीत त्याला पाहून हा मुलगा वेगळाच आहे असा अहवाल देणाऱ्या दोन प्रशिक्षकांपैकी एक होते ओस्वाल्दो सिल्व्हा. हो, तेच, मँचेस्टर युनायटेडला तीन गोल मारणारे. शेवटचा होकार युवा विभागाचे प्रमुख आवरेलियो परेरा यांचा.

तो घरापासून हजारभर किलोमीटर दूर, जुन्या स्टेडियममधल्या वसतिगृहात राहायचा. मदेइराच्या बोलीची मुलं टिंगल करायची. मालवणी बोलणारं पोर पुण्याच्या शाळेत आलं की जे होतं तेच. तो रडायचा, आईला फोन करायचा, आणि सकाळी सर्वांच्या आधी मैदानावर असायचा. एका हंगामात तो सोळा वर्षांखालील संघापासून मुख्य संघापर्यंत पाच संघांतून खेळला.

६ ऑगस्ट २००३ ला नवं स्टेडियम उघडलं. उद्घाटनाला पाहुणा संघ मँचेस्टर युनायटेड. अठरा वर्षांच्या रोनाल्डोने त्यांच्या बचावफळीची त्रेधातिरपीट उडवली, स्पोर्टिंग ३-१ ने जिंकलं आणि काही दिवसांतच तो युनायटेडचा झाला.

आणखी कोण कोण घडलं?

पावलो फुत्रे, लुईस फिगो, सिमाओ, क्वारेज्मा, नानी, मोतिन्यो, रुई पॅट्रिसियो, राफाएल लेआओ, नुनो मेंडेस. बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकणारे फिगो आणि रोनाल्डो दोघेही इथलेच.

२०१६ चा युरो करंडकाचा अंतिम सामना आठवा. पॅट्रिसियो, सेद्रिक, विल्यम, आद्रियेन, जुआंव मारियो, नानी, रोनाल्डो हे सुरुवातीपासून मैदानात आणि बदली म्हणून क्वारेज्मा व मोतिन्यो. सगळे स्पोर्टिंगच्या तालमीतले. पोर्तुगाल पहिल्यांदा युरोप जिंकलं ते या क्लबच्या मुलांवर. २००२ मध्ये उघडलेली ही तालीम, म्हणजे क्लबचं प्रशिक्षण केंद्र, टेगस नदीपलीकडे आल्कोशेतला आहे. आता तिला रोनाल्डोचं नाव दिलं आहे. माझ्या मते त्यावर आवरेलियो परेरांचंही नाव हवं होतं. ते २०२५ मध्ये गेले.

क्लबचा मालक कोण?

सभासद. फुटबॉलसाठी वेगळी कंपनी आहे, पण तिची सूत्रं क्लबकडे आणि क्लब सभासदांचा. अध्यक्ष मतदानाने निवडला जातो, आणि सभासदत्व जितकं जुनं तितकी मतं जास्त. ही ताकद २०१८ मध्ये दिसली.

२०१८ मध्ये नेमकं काय झालं?

१५ मे २०१८ ला तोंडं झाकलेले काही डझन लोक आल्कोशेतच्या तालमीत घुसले आणि कपडे बदलायच्या खोलीत खेळाडूंना व प्रशिक्षकांना मारहाण केली. आघाडीपटू बास दोस्तचं डोकं फुटलं. पाच दिवसांनी तोच संघ चषकाचा अंतिम सामना खेळला आणि आवेस या छोट्या संघाकडून हरला. नऊ खेळाडूंनी करार मोडले. काही परत आले, त्यात ब्रुनो फर्नांदिश होता. पॅट्रिसियो आणि लेआओ कायमचे गेले.

जूनमध्ये सभासदांनी अध्यक्ष ब्रुनो द कार्व्हाल्यो यांना मोठ्या बहुमताने पदावरून दूर केलं. हल्ल्याच्या खटल्यात न्यायालयाने २०२० मध्ये त्यांना निर्दोष ठरवलं, हेही नोंदवायला हवं. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्रेदेरिको वारांदास निवडून आले. ते आधी संघाचे डॉक्टर होते.

मग क्लब सावरला कसा?

मार्च २०२० मध्ये वारांदास यांनी ब्रागा या क्लबला सुमारे १ कोटी युरो देऊन प्रशिक्षक रुबेन आमोरिं यांना आणलं. वय पस्तीस, अनुभव नगण्य, त्यात बेन्फिकाचे माजी खेळाडू. टीकेची झोड उठली. पुढच्याच हंगामात, ११ मे २०२१ ला, एकोणीस वर्षांचा दुष्काळ संपला. विजेतेपद निश्चित होईपर्यंत संघ लीगमध्ये एकदाही हरला नव्हता. २०२४ मध्ये पुन्हा विजेतेपद. नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीला ४-१ ने हरवून आमोरिं इंग्लंडला गेले. तरी रुई बोर्जेस यांच्या हाताखाली २०२५ ची लीग आणि चषक दोन्ही आले. लागोपाठ दोन विजेतेपदं १९५४ नंतर पहिल्यांदाच. त्या हंगामात व्हिक्टर ग्योकेरेसने लीगमध्ये ३९ गोल केले.

सुनील छेत्री स्पोर्टिंगकडून खेळला होता ना?

खेळला, पण ब संघाकडून. जुलै २०१२ मध्ये त्याने दोन वर्षांचा करार केला. ब संघ तेव्हा पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीत होता आणि त्याला मोजकेच सामने मिळाले. काही महिन्यांतच तो गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे उसना आला आणि त्याच हंगामात चर्चिलने आय-लीग जिंकली. इकडे स्पोर्टिंगचा मुख्य संघ सातवा आला, क्लबच्या इतिहासातली ही नीचांकी जागा. वेळ जुळली नाही, एवढंच. युरोपातल्या इतक्या नावाजलेल्या क्लबच्या दारात भारताचा कर्णधार पोहोचला, याचं मोल मला कमी वाटत नाही.

गोव्याचा 'स्पोर्टिंग क्लब द गोवा' याचीच शाखा का? आणि गोव्यात फुटबॉल पोर्तुगीजांनीच आणला ना?

दोन्हींचं उत्तर नाही. गोव्याचा क्लब स्वतंत्र आहे, त्याची जर्सीही नारिंगी. आणि गोव्यात फुटबॉल रुजवण्याचं श्रेय दिलं जातं ते विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश पाद्रींना. ते १८८३ मध्ये शिवोलीला आले होते. तेव्हा स्पोर्टिंगच काय, लिस्बनचा कोणताच मोठा क्लब जन्मला नव्हता.

लिस्बनला गेलो तर काय बघावं?

मेट्रोने कांपु ग्रांदेला उतरा, स्टेडियम समोरच आहे. आत क्लबचं संग्रहालय आहे. तिथे १९६४ चा चषक बघाच, पण घाई न करता सायकलिंग आणि ॲथलेटिक्सच्या दालनांतही जा. सामना बघायचा असेल तर बेन्फिका किंवा पोर्टोविरुद्धचा धरू नका. ती तिकिटं आधी सभासदांना जातात आणि बाहेरच्याच्या हाती क्वचितच लागतात. छोट्या संघाविरुद्धचा सामना निवडा. तालमीतून नुकतं वर आलेलं एखादं पोर त्या दिवशी मैदानात उतरण्याची शक्यताही जास्त असते.